वाचक विचारतात: ट्रंकेतल्या कागदांचं काय करू?

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहिली होती, घरातले जुने कागद रद्दीत घालायच्या आधी एकदा मला विचारा म्हणून, आणि लोकांनी खरंच विचारलं. तालुक्याच्या वाचनालयात सत्तावीस वर्षं काढली पण एवढी पत्रं तिथं कधी आली नव्हती. निम्मी कागदांबद्दल आहेत, निम्मी काळजीबद्दल, आणि काही पत्रांत कागद कुठं संपतो नि काळजी कुठं सुरू होते तेच कळत नाही. नावं काढून टाकलीत, गाव तेवढं ठेवलंय.

डोंबिवलीहून: ताई, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, मार्चमध्ये घर खाली करायचंय. वडिलांची चौदाशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि गावच्या घरातून आणलेली एक ट्रंक, तिच्यात मोडीतले कागद, खरेदीखतं, आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या. मुलगा जर्मनीला असतो, नातवंडं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. खरं सांगायचं तर मला आता भीती वाटते. रोज फोनवर नवा इतिहास येतो, मराठी शाळा बंद पडतायत, उद्या कोण म्हणेल कागद दाखवा आणि कोण म्हणेल तुमचा कागदच खोटा. सगळं स्कॅन करून मुलाकडे पाठवावं आणि ओरिजिनल कुठंतरी गुपचूप ठेवून द्यावं असं मनात येतं. बायको म्हणते तुम्ही बातम्या फार बघता.

वहिनींचं बरोबर आहे, पण तुमचंही अगदीच चूक नाही. "कागद दाखवा" हे काही आजचं नाही हो. १८५२ ला इंग्रजांनी इनाम कमिशनचा कायदा केला आणि दख्खनभर घरोघरी सनदा मागितल्या, ज्यांच्याकडे कागद नव्हता किंवा सायबाला पटला नाही त्यांची इनामं गेली. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी ती ट्रंक एवढी जपली त्यात प्रेम असेल तसा हा धसकाही असणार. पण त्याच धसक्याची दुसरी बाजू बघा. पुढं इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं मागत हिंडले तेव्हा कित्येक घरांनी त्यांना ती दाखवलीच नाहीत, आपलं आपल्या पोटमाळ्यावर सुरक्षित आहे म्हणून, आणि त्या पोटमाळ्यावर सरकार पोचलं नाही तरी वाळवी पोचली. राजवाड्यांना जे मिळालं त्याचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड झाले. जे मिळालं नाही ते काय होतं हे आता कोणालाच माहीत नाही.

म्हणून "गुपचूप" या शब्दाला माझा विरोध आहे. महानुभावांचं उदाहरण घ्या. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा घरोघरी जाऊन जमवल्या, ग्रंथ केला, आणि खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथीच हरवली. मग काय केलं, तर ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं. आज आपण लीळाचरित्र वाचतो ते त्या आठवणीतून आलेलं, म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. पुढं त्याच पंथानं ग्रंथ सांभाळायला सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या काढल्या आणि त्या इतक्या पक्क्या निघाल्या की विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर कळेना. ग्रंथ बचावले, पण पाच-सहाशे वर्षं मराठीतलं इतकं जुनं गद्य मराठी वाचणाऱ्यांना माहीतच नव्हतं. तुकोबांच्या गाथेची तर गोष्टच वेगळी, वह्या इंद्रायणीत गेल्या खऱ्या पण तोवर अभंग देहू-तळेगावच्या लोकांच्या तोंडात होते.

आता कामाचं बोलू.

चौदाशे पुस्तकं सगळी वाचवायची नसतात. हे मी ग्रंथपाल असून लिहितेय. ज्या कादंबरीच्या वीस आवृत्त्या निघाल्यात ती कुठल्याही वाचनालयात आहे, ती निवांतपणे वाटून टाका. शोधायचं ते वेगळं असतं, गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, ज्ञातीच्या परिषदेचा अहवाल, तालुक्याच्या प्रेसनं काढलेला आणि तीन वर्षांत बंद पडलेला दिवाळी अंक, समासात वडिलांनी पेन्सिलीनं वाद घातलेलं पुस्तक. असली चाळीस-पन्नास निघतील, फार तर शंभर. तेवढी बाजूला काढा. वाचनालयाला द्यायची असतील तर आधी यादी करून फोन करा, पोत्यात भरून दारात नेऊन ठेवू नका, आमच्याकडे अशी पोती जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून असायची आणि शेवटी तीच किलोनं जायची. मला विचाराल तर राजकारणानं खाल्ली नसतील एवढी पुस्तकं या रिडेव्हलपमेंटनं खाल्लीत.

ट्रंकेतलं काहीही टाकू नका, मग ते कळो न कळो. मोडी वाचता येत नसेल तरी चालेल, आधी साल काढा. शक असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली सन असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९, की इसवी सन येतं, एखादं वर्ष इकडंतिकडं होतं. सालाप्रमाणे गठ्ठे लावले तरी अर्धं काम झालं. जुना हातकागद बघून घाबरू नका, तो चिंध्यांच्या लगद्याचा, वर काजळाची शाई, दोनशे वर्षं सहज काढतो. खरा नाजूक असतो तो त्यानंतरचा गिरणीचा कागद, लाकडाच्या लगद्याचा, त्यात ॲसिड असतं म्हणून पिवळा पडून पापडासारखा मोडतो. तुमच्या ट्रंकेत १८२० चं खत ठणठणीत असेल आणि १९४३ चं रेशनिंगचं कार्ड हातात घेतल्यावर तुटेल, तर स्कॅनिंगची सुरुवात रेशनकार्डापासून करा.

स्कॅनर नसेल तर फोन चालतो. खिडकीजवळ, उन्हात नाही, फ्लॅश बंद, कागद सपाट, फोन अगदी वरून. स्कॅनिंग ॲपचं ते काळं-पांढरं करणारं फिल्टर लावू नका, फिकी शाई पुसून टाकतं, रंगीतच ठेवा. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्या, कारण आपली माणसं महत्त्वाचं सगळं मागं लिहायची. फाइलला नाव द्या, साल, काय आहे, कोणाचं, एवढं पुरे, आयएमजी अमुक तमुक असल्या चार हजार फाइली म्हणजे नवी ट्रंकच. आणि मुलाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नका पाठवू, ते फोटो बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या जागी साठवलेल्या म्हणजे एक हार्डडिस्क नि एक क्लाउड असं, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. जर्मनी चालेल की. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका आणि हार्डडिस्क वर्षातून एकदा लावून चार फाइली उघडून बघायच्या, दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतो त्या दिवशी करा म्हणजे विसरणार नाही.

मूळ कागद संस्थेला द्यायचे का, तर जरूर विचार करा, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच करतंय, धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं मंडळ आहे. पण देण्याआधी स्कॅन तुमच्याकडे हवं. पुण्याच्याच भांडारकर संस्थेत ५ जानेवारी २००४ ला जमावानं घुसून पोथ्या-पुस्तकांची नासधूस केली ती आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, तेव्हा संस्थेत दिलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नसतं. आणि उद्या कोणी कागद खोटा म्हणालाच, तर चार ठिकाणी वीस वर्षांपूर्वीची प्रत असणं आणि फक्त तुमच्या कपाटात असणं, यात कोणाचं म्हणणं खोडायला सोपं जाईल तुम्हीच सांगा.

नातवंडांचं: त्यांना एकदम मोडी-बिडी दाखवू नका. जमाखर्चाची वही दाखवा. पणजोबांनी अमुक साली जिलबीला किती पैसे दिले हे वाचायला कुठलंही पोर देवनागरी शिकतं.

एक वाचक, सातारा: आजोबांची सनद लॅमिनेट करून घेऊ का?

नाही. गरम रोलरखालून गेलेला कागद परत निघत नाही. सेलोटेपही नाही, स्टेपलही नाही. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, जुन्या दप्तरांना रुमाल म्हणतात ते उगीच नाही.

सांगलीहून: २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं कपाट बुडालं. पाणी उतरल्यावर आम्ही वह्या-पुस्तकं गच्चीत उन्हात घातली, त्यातली निम्मी वाकडीतिकडी झाली आणि वडिलांच्या फोटोंचा अल्बम तर वीट होऊन बसलाय. आता दर ऑगस्टला पोटात गोळा येतो. परत पाणी आलं तर काय करायचं ते सांगा.

उन्हात घालायचं हेच सगळे करतात, त्यात तुमची चूक नाही, पण उन्हानं कागद आखडतो. सावली आणि पंखा. भिजलेलं पुस्तक लगेच उघडायला जाऊ नका, ओला कागद ओल्या फडक्यासारखा फाटतो, चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकं बुडवून काढा आणि उभं करून निथळू द्या. मग दर काही पानांनंतर टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट, छापलेला पेपर नको, शाई उतरते, आणि ते बदलत राहायचं. गुळगुळीत आर्टपेपरची पुस्तकं आणि फोटो एकमेकांना चिकटायच्या आत सुटे करा, एकदा वाळून चिकटले की संपलं. फाउंटन पेननं लिहिलेलं असेल तर ते बुडवू नकाच, शाई जाईल, जसं आहे तसं वाळवा.

दोन दिवसांत बुरशी धरते, आणि पुरात दोन दिवसांत एवढं सगळं कोणाला जमतं? म्हणून युक्ती सांगते, ज्याच्याकडे लाइट आहे अशा वरच्या गल्लीतल्या पाहुण्यांच्या डीप फ्रीझरमध्ये टाका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, खरंच. गोठलं की बुरशी थांबते, मग महिन्यानं एकेक काढून निवांत वाळवा. आइस्क्रीमवाल्याशी ओळख असेल तर आजच वाढवून ठेवा. फक्त जुने काचेवरचे फोटो फ्रीझरमध्ये घालू नका.

तुमच्या त्या वीट झालेल्या अल्बमला तुम्ही हात लावू नका. कागद दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवा, सुरी घालून सोडवायचा मोह होतो, मला पण झाला होता एकदा, माझ्या मावशीच्या लग्नाचा एकच फोटो होता तो आता दोन तुकड्यांत आहे आणि दोन्हींत मावशी नाही.

आणि जूनच्या सुरुवातीला एक पिशवी भरून दाराजवळ टांगून ठेवा, मूळ कागद आणि हार्डडिस्क. पानशेतच्या वेळी, १२ जुलै १९६१ ला, पुण्यात सकाळी धरण फुटलं आणि थोड्या वेळात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. पिशवी आधी भरलेली असेल तरच हाताला लागते.

बीड जिल्ह्यातून: पणजोबाची कुणबी नोंद शोधायलोय, दोन वर्षं झाली. एक जण मोडी वाचून देतो म्हणून पैसे मागायलाय. नेमकं कुठं कुठं बघावं?

२०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हापासून अख्ख्या मराठवाड्यानं रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याआधी त्या खोल्यांत फक्त उंदीर जायचे. (सरकारी खोलीतली बासनं बघितली की मला आपल्या घरातली ट्रंक बरी वाटते.) तुमचा भाग निजामाच्या राज्यातला, त्यामुळं पुण्या-साताऱ्याकडचे लोक कोतवाल बुक म्हणतात, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, ते तुमच्याकडं तसंच्या तसं मिळेल असं धरून चालू नका. तुमच्याकडं आधी १९५४ च्या सुमाराचं खासरापत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, बघा, मग पणजोबा किंवा त्यांचे भाऊबंद ज्या शाळेत गेले असतील तिथला प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, जुनी खरेदीखतं. सख्ख्या ओळीत नाही सापडलं तर चुलत ओळीत शोधा, वंशावळ जुळवता येते. काही कागद उर्दूत असतील तर मोडीवाल्याचा उपयोग नाही, गावातल्या जुन्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना गाठा. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळं त्याच्या अलीकडच्या कागदांत वेळ घालवू नका.

पैसे मागणाऱ्याबद्दल: वाचून द्यायची मजुरी मागितली तर गैर नाही, ते कष्टाचं काम आहे. "नोंद काढून देतो" म्हणत असेल तर मात्र दार लावून घ्या. वाचन दोन वेगळ्या माणसांकडून करून घ्या, एकमेकांना न सांगता. मूळ कागदावर पेनानं खूण करू नका, नावाखाली रेघसुद्धा नाही, खाडाखोडीचा संशय आला तर खरा कागदही वाया जातो. आणि कचेरीतून सही-शिक्क्याची नक्कल दोन प्रतींत घ्या, एक भावकीत दुसऱ्याच्या घरी ठेवा, भावकीत बोलणं असेल तर.

नागपूरहून: तुमच्या कॉलममध्ये नेहमी ट्रंका आणि वाडे असतात. आमच्या घरी ट्रंक नाही. आजोबा चवथी पास, मिलमध्ये होते. आमच्या घरचे कागद म्हणजे रेशनकार्ड आणि फोटोफ्रेम. आजी ८६ ची आहे, दीक्षेच्या दिवशी मैदानात होती. आम्ही काय जपायचं?

टोला बरोबर बसला. ज्यांच्याकडे सनदा होत्या त्यांच्याच घरात कागद साठले आणि त्याच कागदांचा इतिहास झाला, हे मी आधी लिहायला हवं होतं.

आजीला आज रेकॉर्ड करा, उद्या नाही. फोन उशीजवळ ठेवा, पंखा बंद करा, कुकर बंद करा, आणि "दीक्षेबद्दल सांग" असं विचारू नका कारण मग ती भाषण करेल. त्या दिवशी घरून किती वाजता निघालात, पायात काय होतं, पांढरं लुगडं कुठून आणलं, मैदानात बसायला जागा कुठं मिळाली, घरी आल्यावर देवांचं काय केलं, असं विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ बद्दल ग्रंथ भरपूर आहेत पण तुमच्या आजीच्या चपलांबद्दल एकाही ग्रंथात नाही. ती जात्यावरच्या ओव्या किंवा बाबासाहेबांवरची गाणी म्हणत असेल तर मध्ये न थांबवता सगळी घ्या. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या कित्येक बाबासाहेबांवरच्या आहेत, आणि त्या गाणाऱ्या बहुतेक बायांना लिहितावाचता येत नव्हतं.

आता कागद. आजोबांची मिलची पगाराची चिठ्ठी, गेटपास, युनियनची पावती, वस्तीतल्या जयंतीची पत्रकं, लग्नपत्रिका (तिच्यावर आधी कोणाचा फोटो होता आणि कधीपासून कोणाचा आला ते बघा, अख्ख्या घराचा इतिहास तिथं आहे), दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विकत घेतलेल्या त्या दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका. या पुस्तिका आमच्यासारख्या वाचनालयांनी कधी नोंदवूनच घेतल्या नाहीत, पातळ असतात, कपाटात उभ्या राहत नाहीत असं कारण द्यायचो आम्ही, मीही दिलंय. तुमच्या घरात दहा असतील तर त्या बहुतेक कुठल्याच ग्रंथालयात नसतील.

खुद्द बाबासाहेबांचे कागदसुद्धा १९६७ ला दिल्लीच्या अलीपूर रोडच्या घरातून अंगणात पडले आणि पावसात भिजले. उरले त्यातून पुढं सरकारनं खंड काढले. त्यामुळं रेशनकार्डापासूनच सुरुवात करा, जुनं असेल तर त्यावर आजोबांची सही किंवा अंगठा असेल.

रत्नागिरीहून: आई गेली. तिच्या तेवीस डायऱ्या सापडल्यात, १९७४ पासूनच्या. चार पानं वाचली आणि थांबले. आत्याबद्दल, बाबांबद्दल असं काही लिहिलंय की ते आता कोणाला कळून उपयोग नाही. भाऊ म्हणतो जाळून टाक. तुम्ही काय कराल?

जाळू नका. पण वाचायलाच हव्यात असंही नाही, हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि दोन्ही या महिन्यात घ्यायचे नाहीत. संग्रहालयं सुद्धा खाजगी कागद घेताना अमुक वर्षांपर्यंत उघडायचे नाहीत अशी अट मान्य करतात, तुम्ही घरात तेच करा. सुती कापडात बांधा, वर चिठ्ठी लावा, काय आहे, कोणाचं आहे, कुठल्या सालापर्यंत उघडू नये, तुमची सही. भावाला सांगा की चिठ्ठीवर त्याचीही सही हवी, म्हणजे तो निम्मा गप्प बसेल. ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं आणि त्यांची मुलं असेपर्यंत थांबायचं एवढा साधा हिशोब धरा.

कोकणात आहात, तेव्हा खालच्या कपाटात नको, भिंतीला चिकटून नको, पावसात सगळं सादळतं. पावसाळा संपला की वर्षातून एकदा काढून सावलीत हवा द्यायची, कसर लागलीय का बघायचं, वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवायचे, डांबराच्या गोळ्या नकोत. आणि डायऱ्यांना आईनं रबरबँड लावलेलं असेल तर तेवढं आजच काढा, ते वितळून पुठ्ठ्याला चिकटतं.